वाघोलीचा निळा दगड

प्रश्न: पुण्याजवळ वाघोलीच्या खाणीतला एक दगड मिळालाय, पांढऱ्या स्फटिकांवर गडद निळे काटेरी गोळे आहेत. रंग लावलेला असेल का? धुतला तर चालेल?

उत्तर: वर्णनावरून तरी हे कॅव्हनसाइट नावाचं खनिज वाटतंय आणि तो निळा रंग त्याचा स्वतःचा असतो, आतल्या व्हॅनेडियम या धातूमुळे येतो. गोळा भिंगाखाली बघाच, बारीक सुयांची फुलंच दिसतात, इतकं सुंदर! खालचं पांढरं बहुतेक स्टिलबाइट, हे दुसरं खनिज. कॅव्हनसाइट पहिल्यांदा सापडलं १९६७ मध्ये अमेरिकेत ओरेगॉनला, पण जगातले सगळ्यात देखणे नमुने आपल्या वाघोलीचेच. कठीणपणा १ ते १० च्या मोह्स मोजपट्टीवर फक्त ३ ते ४, चाकूनेही ओरखडा पडतो, म्हणून ॲसिड, ब्रश काही नको, साध्या पाण्यात अलगद धुवा.