परक्या प्रजातींवर संशोधन: मुलीला या वाटेने जाऊ द्यावं का?

ताई, तुमचं पत्र वाचलं. मुलगी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आक्रमक प्रजाती (म्हणजे बाहेरून येऊन तिथल्या जीवसृष्टीला त्रास देणाऱ्या वनस्पती-प्राणी) नव्या जागी कशा रुळतात आणि पसरतात, यावर एका शास्त्रज्ञांचं व्याख्यान तिने ऐकलं आणि आता तिला यातच संशोधन करायचंय. तुमचा प्रश्न आहे, ‘तण आणि किडे मोजून पोट भरतं का?’

आधी हे काम काय असतं ते पाहू, कारण ते नुसतं मोजण्याचं नाही. उसावरच्या भुंगेऱ्यांचा बंदोबस्त करायला १९३५ मध्ये ऑस्ट्रेलियात केन टोड (मोठे, विषारी बेडूक) आणून सोडले. भुंगेरे हटले नाहीत, टोड मात्र पसरत गेले. सुरुवातीला वर्षाला साधारण १० किलोमीटर सरकणारी त्यांची आघाडी पुढे ५० किलोमीटरहून जास्त सरकू लागली. आघाडीवर पोचतात ते सगळ्यांत वेगवान टोड, आणि त्यांची वीणही आपसांतच होते. जीवशास्त्रज्ञ रिचर्ड शाईन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दाखवलं, की आघाडीवरच्या टोडचे पाय मागच्यांपेक्षा लांब असतात. पण हा वेग वारशाने येतो की परिस्थितीमुळे? ते तपासायला दोन्हीकडच्या टोडची पिल्लं सारख्याच परिस्थितीत वाढवली आणि रेडिओ ट्रान्समीटर बांधून सोडली. आघाडीवाल्यांची पिल्लं आईबापांसारखीच लांब गेली. ज्या उत्क्रांतीला हजारो-लाखो वर्षं लागतात असं आपण शिकलो, ती इथे माणसाच्या एका आयुष्यात दिसली! तुमची मुलगी भारावली, यात मला नवल वाटत नाही.

आता पोटाचं. आयपीबीईएस या जैवविविधतेवरच्या आंतरसरकारी मंचाच्या २०२३ च्या अहवालानुसार माणसाने ३७,००० हून अधिक परक्या प्रजाती जगभर नेऊन पोचवल्यात. त्यांतल्या ३,५०० हून अधिक घातक आहेत आणि २०१९ मध्ये त्यांच्यामुळे झालेलं नुकसान ४२३ अब्ज डॉलरच्या वर होतं. त्यामुळे क्वारंटाइन (बाहेरून येणाऱ्या रोपा-प्राण्यांची तपासणी), शेती, जंगल, बंदरं अशा सगळीकडे जाणकार लागतात. निव्वळ संशोधनाच्या कायम जागा मात्र थोड्या आहेत. पीएचडीला चार-सहा वर्षं जातात, त्यानंतरही काही काळ करारावरच काम करावं लागतं. ही तयारी घरात सगळ्यांची हवी.

मला खरी काळजी वेगळीच आहे. तिने गणित सोडलंय का? जीवशास्त्राकडे येणारी बरीच मुलं गणित टाळायला येतात आणि या विषयात नेमकं तेच आडवं येतं. प्रजातीचा वेग, जनुकांतला फरक, पुढचा पसारा, सगळं संख्याशास्त्रावर चालतं. तिने याच वर्षी संख्याशास्त्र आणि ‘आर’ या आकडेमोडीच्या संगणकभाषेतलं प्रोग्रॅमिंग सुरू करावं. एमएस्सीचा अर्ज भरण्याआधी सुट्टीत एखाद्या प्रकल्पावर फील्डवर्कही करावं. दिवसभर चिखलात राबून संध्याकाळी नोंदी उघडून बसावंसं वाटलं, तर तिला अडवू नका.

व्याख्यान देणाऱ्या त्या शास्त्रज्ञांना ईमेल तिनेच लिहू दे, तुम्ही नको. ‘मला तुमचा विषय आवडतो’ एवढ्यावर उत्तर क्वचितच येतं. त्यांचा एखादा शोधनिबंध नीट वाचून, त्यात न समजलेली एक गोष्ट विचारावी.