वाचकांचे प्रश्न: किमान वेतन वाढले, तर शेड बंद करायची का?

प्रश्न: तासगाव तालुक्यात माझी बेदाण्याची शेड आहे आणि हंगामात पंचवीस-तीस बायका निवडाईला येतात. राज्याने किमान वेतनाचे दर वाढवावेत, अशी मागणी होत असल्याचे वाचतो. बेदाण्याचा भाव सौद्यात ठरतो, तो माझ्या हातात नाही. मजुरीही सरकारच ठरवणार असेल, तर माझ्यासारख्याने माणसे कमी करायची की शेड बंद करायची?
– एक शेडमालक, तासगाव

उत्तर: सौद्यातला भाव तुमच्या हातात नसतो, हे खरे आहे. निवडाईला बसणाऱ्या बायकांच्या हातातही तो नसतो, आणि तेल, डाळ, गॅस त्यांना बाजारभावानेच घ्यावे लागतात. म्हणूनच किमान वेतन धंद्याच्या नफ्यावरून ठरत नाही, ते घराच्या गरजेवरून ठरवायचे असते. सरकार, मालक आणि कामगार संघटना एकत्र बसतात त्या भारतीय श्रम परिषदेने 1957 मध्ये त्यासाठी प्रौढ माणशी रोज 2,700 कॅलरी, कुटुंबाला वर्षाला 72 वार कापड, घरभाडे आणि जळण-दिवाबत्ती असा हिशोब मांडला. पुढे रेप्टाकॉस ब्रेट या कंपनीच्या कामगारांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मुलांचे शिक्षण, औषधपाणी, सणवार, लग्नकार्य आणि म्हातारपण यांसाठी एकूण किमान वेतनात 25 टक्के वाटा धरला पाहिजे, असे सांगितले. हा हिशोब डोळ्यांसमोर ठेवला, तर आपल्या भागातील हंगामी मजुरी त्याच्या जवळपासही पोहोचत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

महाराष्ट्रात दर सहा महिन्यांनी जाहीर होणारा विशेष भत्ता म्हणजे मजुरीतील वाढ, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात महागाईमुळे पैशाची जी किंमत कमी झाली, तेवढीच तो भरून काढतो. खरी वाढ होते ती मूळ दर सुधारल्यावर, आणि ही सुधारणा साधारणपणे पाच वर्षांच्या आत व्हावी, असे कायदा सांगतो. ती जितकी लांबते, तितका पुढचा दर एकदम मोठा वाटतो आणि तुमच्यासारखे मालक धास्तावतात.

आता तुमच्या शेडचा हिशोब करू. समजा, एका बाईच्या हातून दिवसाला 100 किलो माल निवडून होतो आणि तिची मजुरी 100 रुपयांनी वाढली, तर किलोमागे खर्च एका रुपयाने वाढतो. तुमच्याकडचे खरे आकडे घालून हा हिशोब करा आणि सौद्याच्या पट्टीशेजारी, म्हणजे विक्रीच्या हिशोबाशेजारी, ठेवून पाहा. तुम्हाला खरी झळ लागते ती शेजारच्या शेडवाल्याने कमी मजुरीत माल काढला म्हणजे. दर सर्वांना सारखा असेल आणि तो सर्वांकडून पाळून घेतला गेला, तर ही झळ उरत नाही. त्यामुळे मागायचीच असेल, तर काटेकोर तपासणी मागा.

रोजगार घटण्याच्या भीतीबद्दलही सांगतो. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याने 1992 मध्ये ताशी किमान वेतन 4.25 वरून 5.05 डॉलर केले. तेव्हा डेव्हिड कार्ड आणि अ‍ॅलन क्रूगर या अर्थतज्ज्ञांनी तिथल्या आणि शेजारच्या पेनसिल्व्हेनियातील उपाहारगृहांची तुलना केली, तर वाढीमुळे नोकऱ्या घटल्याचे त्यांना आढळले नाही. तिथली उपाहारगृहे आणि आपली शेड यांत फरक आहे, हे मान्य. तरीही वेतन वाढले की काम जातेच, असे गृहीत धरून चालणे बरोबर नाही.

एक गोष्ट मात्र आवर्जून तपासा. मजुरी किलोवर किंवा पेटीवर उक्ती दिली, तरी दिवसाची रक्कम किमान दराच्या खाली जाऊ देता येत नाही, आणि त्याच कामासाठी बाई-पुरुष असा फरकही करता येत नाही.

प्रश्न: साताऱ्यातील एका कारखान्यात मी कंत्राटदारामार्फत सफाईचे काम करते. पगार बँकेत पूर्ण जमा होतो, पण काही रक्कम रोख परत मागतात. कमी पगार मान्य असल्याच्या कागदावर मी सही केली आहे. आता माझा हक्क गेला का?

उत्तर: नाही, ताई. किमान वेतनाचा हक्क सोडून देणारा करार कायद्याने रद्दबातल आहे. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या वेतन संहितेनुसार, म्हणजे वेतनाच्या नव्या केंद्रीय कायद्यानुसार, तुम्हाला तीन वर्षांच्या आत दावा करता येतो, आणि बुडालेल्या रकमेखेरीज तिच्या दहापटीपर्यंत भरपाई मिळू शकते. पासबुक, हजेरीच्या नोंदी आणि पैसे परत दिल्याच्या तारखा जपून ठेवा आणि जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात लेखी अर्ज देऊन त्याची पोच घ्या. सोबतच्या बायकांनीही सह्या केल्या असतील, तर त्यांनाही बरोबर न्या.