पार्किंगची सोडत आणि कर्नलचं विरजण

प्रश्न : आमच्या सोसायटीत ४० गाड्या आणि ४० जागा आहेत. काही जागा सावलीत, काही कचऱ्याच्या डब्यांना लागून. सोडतीसाठी मी पायथॉन या संगणकी भाषेत छोटा प्रोग्रॅम लिहिला आणि यादी पिसण्याआधी घड्याळातली वेळ सीड, म्हणजे सुरुवातीचा आकडा, म्हणून दिली. सभेत एक सभासद म्हणाले, याचा निकाल आधीच काढता येतो. खरं का? संगणक तर सांगितलं तेवढंच करतो, मग अंदाज न येणारे आकडे त्याच्याकडे येतात कुठून?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : ते सभासद बरोबर बोलले, आणि भर सभेत बोलले याचं मला फार बरं वाटलं.

४० गाड्या ४० जागांवर किती तऱ्हांनी लागतील, हे मोजलं तर ४८ आकडी संख्या येते. पण प्रोग्रॅम पिसण्यासाठीचे सगळे आकडे सीडवरूनच काढतो, म्हणून सीड तेच तर निकालही तोच; आणि तुमचं सीड म्हणजे सेकंदांतली वेळ. सोडत दहा ते अकराच्या दरम्यान झाली एवढं कळलं की ३,६०० शक्यता उरतात, आणि चहा गाळून होईतो साधा लॅपटॉप त्या सगळ्या तपासतो. याहून वाईट म्हणजे, कोणत्या सेकंदाला बटण दाबलं तर आपल्याला सावलीतली जागा मिळेल, हे कुणालाही आदल्या रात्री घरी बसून काढता येतं.

आता तुमचा खरा प्रश्न. प्रोग्रॅम ठरलेलंच करतो, पण यंत्र बाहेरच्या जगाला जोडलेलं असतं. तुम्ही कळ कधी दाबलीत, डिस्कने उत्तर कधी दिलं, नेटवर्कवरून माहितीचं पाकीट कधी आलं, यांच्या वेळांतले अगदी बारीक फरक कुणालाच आधी सांगता येत नाहीत. लिनक्स या कार्यप्रणालीचा गाभा, म्हणजे तिचं कर्नल, ते गोळा करून घुसळत राहतं; प्रोसेसरमध्ये त्यासाठी खास सोय असेल तर तिचीही भर घालतं. त्यातून ३२ बाइटचं सीड तयार होतं. हे विरजण समजा. चमचाभर विरजणावर पातेलंभर दही लागतं, तसं या सीडवर ‘चाचा२०’ नावाची पद्धत हवे तितके आकडे देते, आणि सीड अधूनमधून बदललं जातं. प्रोग्रॅमने फक्त मागायचं. २०१४ पासून लिनक्समध्ये त्यासाठी ‘गेटरँडम’ हा सिस्टम कॉल, म्हणजे कर्नलकडे मागणी करायचा मार्ग, आहे. विरजण अजून तयार नसेल, तर तो प्रोग्रॅमला थांबवून ठेवतो. हे थांबणं मला फार मोलाचं वाटतं.

कारण धोका असतो तो यंत्र नुकतं सुरू होतं तेव्हा. तेव्हा गोळा झालेलं काहीच नसतं. म्हणून बंद होताना थोडं सीड डिस्कवर राखून ठेवतात, आपण उद्यासाठी दही काढून ठेवतो तसं. पण तेच दही दहा घरी वाटलं तर? हिंजवडीतल्या एका ऑफिसात मी सर्व्हर सांभाळत होते, तेव्हा कुणीतरी एका तयार यंत्राच्या दहा नकला काढल्या. दोन वेगळ्या सर्व्हरांची एसएसएच की, म्हणजे दुरून जोडताना सर्व्हरची ओळख पटवणारी डिजिटल किल्ली, एकच दिसली तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. की आणि राखून ठेवलेलं सीड, दोन्ही जसंच्या तसं दहा ठिकाणी गेलं होतं. रात्री बसून प्रत्येक यंत्रावर दोन्ही पुसलं आणि नव्याने तयार केलं.

मोठ्यांकडूनही चुका होतात. डेबियन या लिनक्सच्या एका प्रकारात २००६ साली ओपनएसएसएल या अशा किल्ल्या बनवणाऱ्या सॉफ्टवेअरमधल्या ओळी काढल्या गेल्या आणि सीडमध्ये जवळपास फक्त प्रोसेसचा, म्हणजे चालू प्रोग्रॅमचा, क्रमांक उरला, म्हणजे ३२,७६८ च्या आतला एक आकडा. मे २००८ मध्ये ते उघड झालं. तोवर त्यातून बनलेल्या किल्ल्या बदलण्यावाचून इलाज नव्हता.

तुमचा प्रोग्रॅम दुरुस्त करणं सोपं आहे. वेळेचं सीड देणारी ओळ नुसती काढलीत, तरी पायथॉन आपणहून कर्नलकडून सीड घेतो. त्याहून चांगलं म्हणजे पायथॉनमधलंच ‘सिस्टमरँडम’ वापरा. तो प्रत्येक आकडा कर्नलकडेच मागतो. पासवर्ड किंवा ओटीपी करायचा झाला, तर साधं ‘रँडम’ अजिबात नको. त्याचे सलग ६२४ पूर्ण (३२ बिटांचे) आकडे पाहिले की पुढचे सगळे काढता येतात.

एक गोष्ट मात्र कर्नल करू शकत नाही. मनासारखा निकाल येईपर्यंत कुणी प्रोग्रॅम पुन्हा पुन्हा चालवला, तर त्याला कळणार नाही. गाड्यांची यादी आदल्या दिवशी फलकावर लावा, आणि प्रोग्रॅम सभेतच, सगळ्यांसमोर, एकदाच चालवा. बटण त्या सभासदांना दाबू द्या.