इंग्रजीत राग, वैर, दुष्मनी लिहिताना वाक्प्रचार कुठे चुकतात?

तुम्ही तुमची दोन वाक्यं दिली आहेत: ‘माय अंकल इज अँग्री ऑन मी’ आणि ‘द टू ब्रदर्स हॅव ॲन ॲक्स टु ग्राइंड’. दोन्हींखाली सरांनी लाल रेघ ओढली, पण चूक काय ते सांगितलं नाही. पुढे इंग्रजी बातमीदारी करायची आहे, म्हणजे भांडणतंटे रोजच लिहावे लागणार, म्हणून तुम्ही विचारताय. माझं पोटापाण्याचं कामच हे आहे. सत्र न्यायालयात मराठीत नोंदवलेल्या साक्षी अपिलासाठी इंग्रजीत आणायच्या, गेली अठरा वर्षं. फौजदारी कागदात चार पानं राग आणि वैर याशिवाय जात नाहीत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिली चूक ‘वर’ची. आपण माणसावर चिडतो, त्याच्यावर डूख धरतो, त्याच्यावर खार खातो. मराठीत राग जाऊन समोरच्याच्या अंगावरच बसतो, म्हणून हात आपोआप ‘ऑन’ लिहितो. इंग्रजी आधी वेगळंच विचारते: हे एकाच्याच मनात आहे, की दोघांच्या मध्ये आहे? एकाच्याच मनात असेल तर ‘अगेन्स्ट’: ‘ही बोअर अ ग्रज अगेन्स्ट हिज नेबर’. शेजाऱ्याला त्याचा पत्ताही नसेल. दोघांकडून असेल तर ‘बिट्वीन’: ‘देअर वॉज बॅड ब्लड बिट्वीन द टू फॅमिलीज’. इथे ‘बॅड ब्लड’च्या आधी ‘अ’ लावायचा नाही. नुसती वृत्ती सांगायची असेल तर ‘टुवर्ड्स’, जसं ‘हॉस्टाइल टुवर्ड्स’. दोघं समोरासमोर भिडले असतील तर ‘विथ’, आणि भांडणाचं कारण जोडायला ‘ओव्हर’. कायद्याची भाषाही याच वळणाने जाते. भारतीय दंड संहितेच्या १५३-अ कलमात वेगवेगळ्या गटांच्या ‘बिट्वीन’ एन्मिटी वाढवण्याचा गुन्हा होता, आता तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या १९६व्या कलमात तो आहे, आणि ‘बिट्वीन’ तसाच आहे. तुमचे काका मात्र ‘अँग्री विथ मी’. ‘अँग्री ॲट मी’ही चालतं. गोष्टीबद्दल राग असेल तर ‘अबाउट’.

एन्मिटीचं स्पेलिंगही एकदा नीट बघून घ्या. ‘एनिमी’ डोक्यात असतो म्हणून आपण मध्ये जास्तीचा ‘ई’ घालतो. ‘एन’नंतर थेट ‘एम’ आहे.

आता ‘ॲक्स टु ग्राइंड’. हा वैराचा वाक्प्रचार नाहीच. एक माणूस शाळकरी पोराची तोंडभर स्तुती करतो, त्याच्याकडून धारेचा दगड फिरवून आपली कुऱ्हाड पाजवून घेतो आणि काम झाल्यावर त्यालाच शाळेत पळ म्हणून दटावतो, अशी गोष्ट १८१० साली अमेरिकेत छापली गेली होती. अर्थ छुपा स्वार्थ. आपल्याकडे आपल्या पोळीवर तूप ओढून घेणं म्हणतात, त्याच्या जवळचं. गोंधळ का होतो तेही मला ठाऊक आहे. आपल्याकडच्या निकालपत्रांत ‘द विटनेस हॅड नो ॲक्स टु ग्राइंड अगेन्स्ट द अक्यूज्ड’ असं वाक्य वारंवार येतं. त्यातला ‘अगेन्स्ट’ वाचून वाचणाऱ्याला ते वैर वाटतं. तुम्ही तो स्वार्थापुरताच ठेवा.

शब्द आणि शब्दयोगी अव्यय बरोबर आलं तरी काम अर्धंच झालेलं असतं, आणि हे मला फार मनापासून सांगायचं आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या दिवसांत माझ्याकडे एका बाईंची साक्ष आली. शेजारच्या घराबद्दल त्या म्हणाल्या होत्या, ‘त्यांचं आमचं बोलणं नव्हतं.’ मी लिहिलं, ‘देअर वॉज एन्मिटी बिट्वीन अस.’ व्याकरणाला कुठे बोट लावायला जागा नव्हती. आमच्याकडे एक ज्येष्ठ भाषांतरकार होते, सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. त्यांनी पेन्सिलीने एन्मिटीभोवती गोल काढला आणि विचारलं, ‘बाई वैर म्हणाल्या का?’ मी म्हटलं, नाही. ‘मग तू कुठून आणलंस?’ मूळ साक्षीत पुढच्याच ओळीला कारण होतं: बांधावरची बाभूळ न विचारता तोडली, तेव्हापासून बोलणं बंद.

न्यायालयात वैराला दुधारी शस्त्र मानतात. वैर होतं म्हणून आरोपीने मारलं असेल, आणि वैर होतं म्हणूनच साक्षीदाराने त्याला खोटं गोवलं असेल. अपिलातले वकील आणि न्यायमूर्ती बहुतेक वेळा आमचं भाषांतरच वाचतात. बाभळीवरून धरलेल्या अबोल्याचं मी वैर केलं असतं, तर त्या बाईंच्या खरेपणावरच बोट ठेवायला जागा झाली असती. तिथे हवं होतं ‘वुई वेअर नॉट ऑन स्पीकिंग टर्म्स’, अगदी साधं. त्या दिवसापासून मी वाक्प्रचार शोधण्याआधी मूळ माणसाचा शब्द पुन्हा वाचते.

आपल्याकडे तर या मापांची ददातच नाही. अबोला, कुरबुर, वितुष्ट, आकस, डूख, वैर, हाडवैर, प्रत्येकाचं वजन निराळं. कुरबुर म्हणजे ‘फ्रिक्शन’. वितुष्ट आलं म्हणजे आधी बरं होतं, म्हणून ‘दे फेल आउट’. आकस म्हणजे ‘इल विल’. डूख म्हणजे ‘ग्रज’, कारण दोन्हींत वाट बघत बसणं आहे. दोन्ही बाजूंनी दीर्घकाळ चाललेलं असेल तरच ‘फ्यूड’. फिर्यादीत हमखास येणारं ‘जुन्या भांडणाचा राग मनात धरून’ मी ‘बेअरिंग अ ग्रज ओव्हर ॲन ओल्ड क्वॉरल’ असं करते, आणि ‘कुरापत काढून’ला ‘पिक्ड अ क्वॉरल’.

बातमीत मोह पडतो तो ‘ॲट डॅगर्स ड्रॉन’चा. उपसलेले खंजीर, म्हणजे आता वार होईल इतका ताण. आपला छत्तीसचा आकडा त्याहून सौम्य आहे, त्यातले तीन आणि सहा नुसते पाठ फिरवून उभे असतात. महापालिकेचे दोन विभाग एका फायलीवरून अडले असतील तर खंजीर कशाला? ‘ॲट लॉगरहेड्स’ पुरे. त्यात कोणी मागे हटत नाही एवढंच आहे, द्वेष असेलच असं नाही. शेवटचा ‘एस’ तेवढा विसरू नका.

‘नो लव्ह लॉस्ट बिट्वीन देम’ हा सर्वांत फसवा. प्रेम हरवलं नाही म्हणजे टिकून आहे, असं वाटतं. सतराव्या शतकात तो त्या अर्थानेही वापरला जायचा, पण आज अर्थ एकच: दोघांना एकमेकांबद्दल जराही प्रेम नाही. ‘बोन टु पिक विथ यू’ ही लहानशी तक्रार आहे, समोर बसवून बोलून टाकण्याजोगी, आणि ‘बोन ऑफ कन्टेन्शन’ म्हणजे ज्यावरून भांडण आहे ती वस्तू. वरच्या साक्षीत ती बाभूळ.

न्यायालयाची बातमी करायला गेलात की ‘टर्न्ड हॉस्टाइल’ भेटेल. मराठी वर्तमानपत्रं ‘साक्षीदार फितूर झाला’ लिहितात. गंमत म्हणजे १८७२च्या पुरावा कायद्यातल्या ज्या १५४व्या कलमाखाली हे चालायचं, त्यात ‘हॉस्टाइल’ हा शब्दच नव्हता. पक्षकाराला आपल्याच साक्षीदाराला उलटतपासणीसारखे प्रश्न विचारायची परवानगी न्यायाधीश देऊ शकतात, एवढंच तिथे म्हटलं होतं. म्हणून अशा साक्षीदाराला कोणाचा राग आलाय, असं इंग्रजी बातमीत सूचितही करू नका. तो घाबरलेला असेल, किंवा आधीचा जबाबच त्याने सांगितल्याप्रमाणे लिहिलेला नसेल.

राहिलं तुमचं भावांचं वाक्य. ते मी दुरुस्त करून देऊ शकत नाही, कारण त्या दोघांमध्ये नेमकं काय आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. बोलणं बंद आहे, वाटणीचा दावा चालू आहे, की एकच जण मनात काही धरून बसलाय? खाली प्रतिसादात सांगा, मग वाक्य बघू.