रिपोर्ट नॉर्मल, तरी पोट दुखतंच

«ताई, माझा मुलगा यंदा दहावीला आहे. दिवाळीनंतर त्याचं पोट दुखायला लागलं, तेही नेमकं चाचणीच्या सकाळी. ओवा झाला, हिंग लावून झालं, सोनोग्राफी झाली, रिपोर्ट नॉर्मल. नखं पार मांसापर्यंत कुरतडतो. काही विचारलं की 'काही नाही', नाहीतर सरळ अंगावर येतो. रात्री साडेबारापर्यंत बसतो, मी पहाटे पाचला उठवते. तबलाही बंद केलाय, दहावी आहे ना. धाकटी दुसरीत आहे, ती पुन्हा अंथरूण ओलं करायला लागलीय. हे म्हणतात, नाटकं आहेत, जरा धाक दाखव. सासूबाई म्हणतात, दृष्ट लागली. मी काय करू?
– एक आई, सांगली»

ताई,

आधी 'नाटकं' या शब्दाचं बघू. चाचणीच्या दिवशीच दुखतं म्हणून ते खोटं, असा तुमच्या यजमानांचा हिशेब दिसतो. मला तर उलट वाटतं. आतड्यांभोवती मज्जातंतूंचं दाट जाळं असतं आणि त्याचा मेंदूशी सतत संवाद चालू असतो. धास्ती बसली की आतड्यांची हालचाल बिघडते, मळमळतं, कळ येते. सोनोग्राफीत हे दिसत नाही, पण कळ खरी असते. हां, वजन उतरायला लागलं, शौचातून रक्त पडलं, ताप-उलट्या सुरू झाल्या किंवा झोपेतून उठवेल अशी कळ आली, तर मात्र डॉक्टरांकडे पुन्हा जायचं.

अंगावर येणं हेही त्यातलंच. या वयात ताण रडून बाहेर पडेलच असं नाही, चिडचिडीतूनही पडतो. म्हणून 'उद्धट झालाय' असं म्हणण्याआधी थोडं थांबा.

पण तुमच्या पत्रात मला खरी खटकली ती तुम्ही जाता जाता लिहिलेली वाक्यं. साडेबारा ते पाच म्हणजे साडेचार तास झोप. या वयाला आठ ते दहा तास लागतात. शिवाय वयात येताना शरीराचं घड्याळच पुढे सरकतं, रात्री लवकर झोप येत नाही. पहाटेच्या अभ्यासाचं कौतुक आपल्याकडे फार, पण अर्धवट झोपेत वाचलेलं डोक्यात राहत नाही. पाचचा गजर आजपासून बंद करा. रात्री साडेदहाला पुस्तक मिटायचं आणि मोबाइल स्वयंपाकघरात ठेवायचा, तोही घरातल्या सगळ्यांचा.

आणि तबला का बंद केलात? दिवसभरात 'किती मार्क पडले' हा प्रश्न जिथे कुणी विचारत नव्हतं, अशी त्याची तेवढी एकच जागा होती. आठवड्यातून दोनदा तासभर जाऊ दे त्याला.

धाकटीला तर कुणी अभ्यासाला बसवत नाही, तरी ती अंथरूण ओलं करतेय. सवय सुटल्यानंतर पुन्हा असं झालं तर एकदा लघवी तपासून घ्या, रागावू मात्र नका. दुसरीतल्या मुलीला 'घरात सगळे ताणलेले आहेत' असं सांगता येत नाही, पण घरातलं वातावरण तिला बरोबर कळतं.

आता कळ येईल त्या सकाळचं. 'जाऊ दे, आज राहा घरी' म्हणालात तर त्याला लगेच हायसं वाटेल आणि पुढच्या चाचणीची धास्ती दुप्पट होईल. आरडाओरडा केलात तर ती तिथल्या तिथेच वाढेल. एवढंच म्हणा, 'दुखतंय, मला कळतंय. दहा मिनिटं बस, मग निघू.' बसल्यावर चार आकडे मोजेपर्यंत श्वास घ्यायचा, सहा मोजेपर्यंत सोडायचा. उशीर झाला तर होऊ दे, पण जायचं. वर्गशिक्षकांच्या कानावर आधीच घालून ठेवा.

बोलायचं तर समोर बसवून चौकशी लावू नका. शेंगा सोलताना, स्कूटरवर मागे बसलेला असताना मुलं जास्त बोलतात. 'चाचणीच्या आदल्या रात्री कसं वाटतं रे?' एवढंच विचारा आणि गप्प राहा. 'आमच्या वेळी' ने सुरू होणारं वाक्य तोंडातच ठेवायचं.

यजमानांशी भांडू नका. त्यांना दोन गोष्टी माहीत असू द्या. राज्य मंडळाच्या दहावीत टक्केवारी धरताना सर्वांत जास्त गुणांचे पाच विषय धरतात. आणि समजा एखाद-दुसरा विषय राहिलाच, तर वर्ष फुकट जात नाही: पुरवणी परीक्षा असते, दोन विषयांपर्यंत एटीकेटीवर (म्हणजे राहिलेले विषय नंतर सोडवायच्या सवलतीवर) अकरावीलाही बसता येतं. 'आयुष्याचा प्रश्न आहे' हे वाक्य घरात रोज म्हटलं जात असेल (माझी खात्री आहे, जातच असेल), तर ते आता पुरे. ऑफिसातून आल्यावर त्यांनी मार्क सोडून दुसरं काहीही विचारावं. क्रिकेटचा स्कोअरही चालेल.

सासूबाईंना दृष्ट खुशाल काढू द्या. मीठ-मोहरीने नुकसान काही नाही, आणि तेवढा वेळ तरी आजीचा हात त्याच्यावरून फिरतो.

एवढं करून दोन-तीन आठवड्यांत फरक दिसला नाही, जेवण तुटलं, मित्रांकडे जाणं बंद झालं, तर समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञ गाठा. सिव्हिल हॉस्पिटलमध्येही चौकशी करता येईल. 'मी नसतो तर बरं' असं काही बोलला किंवा हातावर कापल्याच्या खुणा दिसल्या, तर एक दिवसही थांबू नका. 'जीव द्यावासा वाटतो का?' असं सरळ विचारा. विचारल्याने ते डोक्यात शिरत नाही, उलट सांगायला वाट मिळते. अशा वेळी त्याला एकटं सोडू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीतही बोलता येतं. तो फक्त मुलांसाठी नाही. तुम्हाला स्वतःला रडू आवरेनासं झालं तर तुम्हीही लावा.