मुतखडा दुसऱ्यांदा झालाय. डॉक्टर २४ तासांची लघवी तपासायला सांगतात, खरंच गरज आहे का?

हो, दुसऱ्यांदा झालाय म्हणजे करून घ्याच. सोनोग्राफी खडा कुठे आणि केवढा ते दाखवते, का झाला ते नाही. ते शोधायला २४ तासांची लघवी लागते: एकूण किती झाली, त्यात कॅल्शियम, ऑक्झलेट (कॅल्शियमशी जुळून खडा करणारा पदार्थ), युरिक ॲसिड, सोडियम किती, आणि खडा होऊ न देणारं सायट्रेट कमी आहे का. रक्तातलं कॅल्शियमही बघतात. पडलेला खडा जपून ठेवला असेल तर तोही लॅबला द्या.

लोक चुकतात ते गोळा करताना. सकाळची पहिली लघवी टाकून द्यायची, वेळ लिहायची, मग दुसऱ्या दिवशी त्याच वेळेपर्यंतची सगळी कॅनमध्ये, त्या सकाळचीसुद्धा. ऑफिसात एखादी वेळ हमखास सुटते, म्हणून रविवार बरा. आणि त्या दिवशी मुद्दाम तांब्यावर तांबे पाणी ढोसू नका. रोजचंच खा-प्या, नाहीतर रिपोर्ट उगाच छान येईल. कळा चालू असताना ही तपासणी नको; खडा पडून तीन आठवडे तरी जाऊ द्या.

तोवर दूध-दही मनानेच बंद करू नका. जेवणातलं कॅल्शियम ऑक्झलेटला आतड्यातच धरून ठेवतं, म्हणून ते लघवीत कमी उतरतं.