ठाण्यातील आमच्या गृहसंकुलाच्या भिंतीवर हुतात्मा जवानांच्या स्मरणार्थ चित्र काढायचे आहे. माजी सैनिकांना ते आपले वाटावे, यासाठी काय करावे?

उत्तर : भव्यतेपेक्षा अचूकतेवर भर द्यावा, असे माझे मत आहे. सैन्यातून निवृत्त झालेल्या माणसाची नजर सर्वप्रथम खांद्यावरील रेजिमेंटच्या नावाकडे, टोपीवरील बिल्ल्याकडे आणि रायफल धरण्याच्या पद्धतीकडे जाते. तिथे चूक आढळली, तर उरलेले चित्र कितीही सुरेख असले तरी ते त्याला परके वाटते. म्हणून कच्चे रेखाटन परिसरातील माजी सैनिकांना आधी अवश्य दाखवावे.

नावांना मोठी जागा द्यावी. दिल्लीच्या राष्ट्रीय युद्धस्मारकात (लोकार्पण २५ फेब्रुवारी २०१९) त्याग चक्र नावाच्या वर्तुळाकार भिंतींच्या ग्रॅनाइटवर पंचवीस हजारांहून अधिक नावे कोरलेली आहेत. वॉशिंग्टनच्या व्हिएतनाम स्मारकावर (१९८२) ती मृत्यूच्या क्रमाने येतात, त्यामुळे एकाच चकमकीत पडलेले सोबती शेजारी-शेजारी सापडतात आणि गुळगुळीत काळ्या दगडात वाचणाऱ्याचा स्वतःचा चेहराही त्या नावांमध्ये दिसतो. तुमची नावे थोडी असली, तरी ती हाताला लागतील अशा उंचीवर असावीत, कारण अनेक जण अक्षरांवरून बोट फिरवतात.

आपल्याकडील वीरगळांची, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मरणार्थ उभारलेल्या कोरीव दगडांची परंपराही पाहावी. बोरिवलीजवळच्या एकसर येथील वीरगळांवर नौकायुद्ध कोरलेले आहे. खालच्या चौकटीत लढाई आणि वरच्या चौकटीत वीराचे स्वर्गारोहण, ही वीरगळाची रचना उंच भिंतीला शोभून दिसेल.

हुतात्म्याचे चित्र काढण्यापूर्वी कुटुंबीयांची संमती मात्र घ्यावीच.